नवीन घर, वाकडी फरशी: मोजायचं कसं, दुरुस्त काय करायचं आणि बिल्डरला सांगायचं काय

(आजच्या भागाचं लिखित रूप. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, आणि पझेशन जवळ आलं असेल तर सेव्ह करून ठेवा.)

आजचा विषय पायाखालचा आहे. शब्दशः. फ्लॅट बुक केला, तीन वर्षं हप्ते आणि भाडं दोन्ही भरलं, शेवटी चावी हातात आली. गणपती ठेवून पूजा झाली, दूध उतू घातलं. मग कपाट आणलं तर त्याचं दार आपोआप उघडतंय. टेबल डुगडुगतंय. बाल्कनी धुतली की पाणी जाळीकडे न जाता हॉलकडे यायला लागलंय. साइटवर फोन केला तर उत्तर ठरलेलं: "सर, एवढं तर चालतंच. सगळीकडे असंच असतं."

आता खरंच "एवढं चालतं" का? आणि "एवढं" म्हणजे नेमकं किती? हा प्रश्न आकड्यांचा आहे, त्यामुळे त्याचं उत्तरही आकड्यांतच द्यायचं. मी काही सिव्हिल इंजिनियर नाही, कोड लिहिणारा माणूस आहे. पण मोजल्याशिवाय भांडायचं नाही, एवढं आमच्या धंद्यात पक्कं शिकवतात.

आधी दोन शब्द वेगळे करू: लेव्हल आणि सपाट

बोलताना आपण दोन्हीला "फरशी वाकडी आहे" असंच म्हणतो. पण या दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

लेव्हल म्हणजे पाणसळीत असणं, जमीन कुठल्याच बाजूला कललेली नसणं. सपाट म्हणजे पृष्ठभागावर उंचवटा किंवा खड्डा नसणं. कॅरम बोर्डचा एक पाय उचलून धरा. बोर्ड सपाटच राहिला, पण लेव्हल गेली. उलट, पापड ताटात ठेवला तर ताट लेव्हलमध्ये असेल, पण पापड काही सपाट नाही.

हा फरक का महत्त्वाचा? कारण उपाय वेगळे आहेत. खोली सपाट आहे पण थोडी कललेली आहे, तर बहुतेक वेळा फर्निचरचे पाय ॲडजस्ट करून काम होतं. खोली लेव्हलमध्ये आहे पण एका लादीची कड शेजारच्या लादीच्या वर आली आहे, तर तिथे रोज कोणाचा तरी अंगठा ठेचणार. घरात आजी-आजोबा असतील, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं कोणी वॉकर घेऊन चालत असेल, तर हा सौंदर्याचा प्रश्न उरत नाही. दोन मिलिमीटरची कड माणसाला पाडू शकते.

आणि तिसरा प्रकार म्हणजे मुद्दाम दिलेला उतार. गवंडी त्याला ढाळ म्हणतात. बाथरूम, बाल्कनी, ड्राय बाल्कनी इथे फरशी लेव्हलमध्ये असली तर तोच दोष. तिथे ढाळ जाळीकडे हवाच. साधारण १०० ला १ ते ८० ला १, म्हणजे दर मीटरला १० ते साडेबारा मिलिमीटर. चार फुटांच्या बाथरूममध्ये दारापासून जाळीपर्यंत साधारण १२ ते १५ मिमी उतार झाला.

मग किती चालतं?

ब्रिटिश मानकात फरशीच्या सपाटपणाच्या तीन पायऱ्या आहेत. दोन मीटरची सरळ पट्टी जमिनीवर ठेवायची आणि खाली जास्तीत जास्त फट किती ते बघायचं. पहिल्या दर्जाला ३ मिमी, दुसऱ्याला ५, तिसऱ्याला १०. अमेरिकेत मोठ्या टाइल्ससाठी, म्हणजे एक तरी बाजू १५ इंच किंवा जास्त असेल तर, खालचा पृष्ठभाग १० फुटांत एक अष्टमांश इंच, म्हणजे साधारण ३ मिमीपेक्षा जास्त वरखाली असू नये अशी अपेक्षा आहे.

दोन शेजारच्या लाद्यांच्या कडांमध्ये जो फरक पडतो, त्याला ब्रिटिश मानकात ६ मिमीपेक्षा अरुंद सांध्यांसाठी १ मिमीची मर्यादा आहे. आपल्याकडे सांधे सहसा याहून बारीकच असतात, त्यामुळे तोच आकडा धरा.

हे परदेशी आकडे तुमच्या बिल्डरवर आपोआप बंधनकारक होत नाहीत, हेही सांगून ठेवतो. पण "चालतं" आणि "चालत नाही" यांच्यामध्ये रेघ कुठे आहे, याचा अंदाज त्यातून येतो. माझा सोपा नियम: दोन मीटरला ३ मिमीच्या आत असेल तर विसरून जा. ३ ते ५ असेल तर लिहून ठेवा. ५ च्या वर असेल तर बोला.

मोजायचं कसं? एटीएम कार्ड काढा

हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण लागणाऱ्या बऱ्याच वस्तू घरातच सापडतात.

एक: सरळ पट्टी. हार्डवेअरच्या दुकानात ॲल्युमिनियमचा चौकोनी पाईप मिळतो. दोन मीटरचा घ्या. विकत घेताना एका डोळ्याने टोकापासून टोकापर्यंत बघा, वाकलेला नको.

दोन: फट मोजायला एटीएम कार्ड. प्रत्येक बँकेच्या कार्डाची जाडी आंतरराष्ट्रीय मानकानुसार ०.७६ मिमी असते. म्हणजे चार कार्डं एकावर एक ठेवली की झाले ३ मिमी. आकडे उठावदार नसलेली साधी कार्डं घ्या. जुनी, मुदत संपलेली असतील तर उत्तमच. पट्टीखाली जिथे फट दिसते तिथे गठ्ठा सरकवा. चार कार्डं गेली नाहीत तर काम चांगलं आहे. सात कार्डं आरामात जात असतील तर ५ मिमी ओलांडले. लाद्यांच्या कडांसाठीही हीच युक्ती: खालच्या लादीवर कार्ड ठेवून कडेला भिडवा. कड एका कार्डाच्याही वर डोकावत असेल तर आपण मर्यादेच्या आसपास आहोत, आणि दोन कार्डांच्या वर असेल तर दीड मिमी झाले, म्हणजे नापास.

पट्टी खोलीत उभी, आडवी आणि तिरकी अशी तिन्ही प्रकारे फिरवा. एकाच दिशेने मोजलं तर निम्मे दोष सुटतात.

तीन: लेव्हल पाईप. पारदर्शक प्लास्टिकची नळी, आठ-दहा मीटर, आत पाणी. आपल्याकडच्या गवंड्यांचं हे जुनं हत्यार लेझरच्या जमान्यातही हार जात नाही, कारण पाणी खोटं बोलत नाही. फक्त आत बुडबुडे नकोत. एक टोक भिंतीवर साधारण एक मीटर उंचीवर धरा, दुसरं टोक घेऊन खोलीच्या प्रत्येक कोपऱ्यात जा, आणि दोन्हीकडचं पाणी स्थिर झालं की पेन्सिलने खूण करा. आता सगळ्या खुणा एकाच पातळीत आहेत. प्रत्येक खुणेपासून जमिनीपर्यंत टेपने मोजा. समजा चार कोपऱ्यांत १०००, १००४, १०११ आणि १००६ मिमी आले. जिथे आकडा मोठा तिथे जमीन खाली. म्हणजे सर्वात उंच आणि सर्वात खोल कोपऱ्यात ११ मिमीचा फरक आहे.

चार: फोन. लेव्हलचं ॲप सगळ्यांकडे असतं, पण थांबा. एक अंश कल म्हणजे दर मीटरला साडेसतरा मिमी! त्यामुळे पूर्ण अंशच दाखवणारं ॲप इथे निरुपयोगी. दशांश दाखवणारं हवं. शिवाय फोनच्या सेन्सरची स्वतःची थोडी चूक असते, मागचा कॅमेरा फुगलेला असतो, कडेला बटणं असतात. हे सगळं एका फटक्यात घालवायची युक्ती आहे. फोन पट्टीवर ठेवा, वाचन घ्या. मग फोन तिथेच १८० अंशात फिरवा, पुन्हा वाचन घ्या. दोन्ही वाचनांची सरासरी म्हणजे खरा कल. उदाहरणार्थ, पहिल्यांदा ०.५ अंश उजवीकडे खाली दाखवलं, फिरवल्यावर ०.१ अंश उजवीकडे खाली. सरासरी ०.३. गुणिले १७.५, म्हणजे मीटरला साधारण ५ मिमी. दोन वाचनांच्या दिशाच उलट आल्या तर मोठ्यातून लहान वजा करून निम्मं करा. फोनची चूक एकदा एका बाजूने आणि एकदा दुसऱ्या बाजूने धरली जाते, म्हणून ती आपोआप कटते.

पाच: नाणं. प्रत्येक लादीवर मधोमध आणि चारही कोपऱ्यांत नाण्याने टकटक करा. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ आवाज आला तर खाली माल नीट बसलेला नाही. तिथे फ्रिजचा किंवा पलंगाचा पाय आला तर लादी फुटू शकते. अशा लाद्यांवर खडूने फुली मारा.

सहा: पाणी. बाथरूम आणि बाल्कनीत बादलीभर पाणी ओता, पंधरा मिनिटं थांबा. डबकं कुठे राहिलं, पाणी दाराकडे आलं का, याचा व्हिडिओ काढा.

गोटी सोडून बघायचा मोह सगळ्यांना होतो. गोटी घरंगळली म्हणजे कल आहे एवढं कळतं, किती ते कळत नाही. ती अगदी किरकोळ उतारावरही पळते. व्हॉट्सॲप स्टेटससाठी ठीक आहे, पुरावा म्हणून नाही.

असं होतंच का?

कारण कळलं की उपाय निवडता येतो, म्हणून चार मुख्य कारणं.

पहिलं, स्लॅबच लवतो. काँक्रीटचा स्लॅब म्हणजे दगड नव्हे, तो वजनाखाली थोडा वाकतो आणि पुढे वर्षानुवर्षं अगदी हळू वाकत राहतो. भारतीय मानक आयएस ४५६ मध्ये याची मर्यादा दिली आहे: एकूण लवणं गाळ्याच्या अडीचशेव्या भागापेक्षा जास्त नको. चार मीटरच्या गाळ्याला हे १६ मिमी होतात. याच मानकात स्लॅबखालचे टेकू साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला किमान ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस ठेवायला सांगितले आहेत. घाईत टेकू लवकर काढले तर स्लॅब नको तेवढा बसतो.

दुसरं, तळमजल्याची भरणी. जोत्यात मुरूम भरताना थराथराने पाणी मारून धुम्मस करायची असते. एकदम ट्रॉली ओतून वरून कोबा केला, तर दोन पावसाळ्यांत भरणी खाली बसते आणि फरशीही तिच्यामागे जाते. याची खूण ओळखायला सोपी: स्कर्टिंग भिंतीला चिकटलेलं असतं, ते वरच राहतं, आणि स्कर्टिंग व फरशी यांच्यामध्ये फट दिसायला लागते. काळ्या मातीच्या भागात आणखी एक भानगड असते, ती माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते.

तिसरं, बसवण्याची पद्धत बदलली, खालचं काम बदललं नाही. पूर्वी लादी जाड मालात बसायची. स्लॅब वरखाली असला तरी तो फरक मालाच्या थरात लपायचा. आता मोठ्या व्हिट्रिफाइड टाइल्स ॲडहेसिव्हने चिकटवतात. तो थर काही मिलिमीटरचाच असतो, तो खड्डे लपवू शकत नाही. खालचा कोबा आधी सपाट करून घ्यावा लागतो, आणि नेमकं तेच काम घाईत राहून जातं.

चौथं, टाइलच मुळात थोडी वाकलेली असते. दोन बाय चार फुटांची टाइल भट्टीतून येताना मधोमध किंचित उंच असू शकते. ती विटांसारखी अर्ध्यावर अर्धी बसवली, तर एका टाइलची सर्वात उंच जागा शेजारच्या टाइल्सच्या सर्वात खालच्या टोकांशेजारी येते आणि कड तयार होते. म्हणून मोठ्या टाइल्स एक तृतीयांशापेक्षा जास्त सरकवून लावू नयेत असं सांगतात. तुम्ही स्वतः डिझाइन निवडणार असाल तर हे लक्षात ठेवा. इंस्टाग्रामवरचा फोटो छान दिसतो, पण त्यात पाय ठेचलेला दिसत नाही.

दुरुस्ती: कुठे काय करायचं

नुसता कल, पण सपाट. फरशीला हात लावू नका. वॉशिंग मशीन, फ्रिज, मॉड्युलर किचन, कपाट यांचे पाय फिरवून उंची बदलता येते. फर्निचर लेव्हल करणं हे घर लेव्हल करण्यापेक्षा शंभरपट स्वस्त.

एकट्या-दुकट्या लाद्या वर आलेल्या किंवा पोकळ. तेवढ्याच काढून नव्या बसवा. यासाठी पझेशनच्या वेळीच त्याच बॅचच्या सात-आठ लाद्या मागून घ्या. नंतर तोच रंग मिळेल याची खात्री नसते.

टाइल अजून लागलेली नाही, खाली कोबा आहे. ही सगळ्यात चांगली वेळ. उंचवटे ग्राइंडरने घासता येतात, फक्त ती धूळ फुप्फुसांना फार वाईट असते, मास्क आणि व्हॅक्युम हवाच. खड्डे सेल्फ लेव्हलिंग कंपाउंडने भरता येतात. पातळ पिठासारखं ओतायचं, ते स्वतः पसरतं. आधी धूळ साफ आणि प्रायमर, नाहीतर सगळं पापुद्र्यासारखं सुटतं.

जुन्या टाइलवर नवी टाइल. होतं, पण जमीन १२ ते १५ मिमी वर येते. दारं खालून कापावी लागतात. बाथरूमपेक्षा पॅसेज उंच राहतो का, बाल्कनीचं पाणी आत येईल का, हे आधी तपासा.

"वरून जाड माल टाकून लेव्हल करू." इथे मात्र सावधान! मालाचं वजन घनमीटरला साधारण २००० किलो. पन्नास मिमीचा थर म्हणजे दर चौरस मीटरला १०० किलो. घरातली माणसं आणि सामान यांच्यासाठी स्लॅब धरलेला असतो चौरस मीटरला सुमारे २०० किलो. म्हणजे एका थरात आपण त्याच्या निम्मं वजन कायमचं ठेवून दिलं. स्लॅब आधीच लवलेला असेल तर त्याच्यावर अजून ओझं. स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारल्याशिवाय हे करायचं नाही.

बाथरूमचा उलटा ढाळ. याला शॉर्टकट नाही. फोडायचं, वॉटरप्रूफिंग बघायचं, ढाळ पुन्हा द्यायचा आणि टाइल लावण्याआधी पाणी भरून चाचणी घ्यायची. खालच्या मजल्यावरचे शेजारी दुवा देतील.

जमीन अजून हलतेय अशी शंका. स्कर्टिंगखालची फट वाढतेय, भिंतीत तिरक्या भेगा पडतायत. अशा वेळी आधी दुरुस्ती करणं म्हणजे पैसे पाण्यात. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा, रुंदी मोजून लिहा, दर महिन्याला फोटो काढा. वाढत असेल तर गवंडी नव्हे, इंजिनियर बोलवा.

आता बिल्डरला सांगायचं काय

माझ्या मामेबहिणीने पुण्यात नवा फ्लॅट घेतला. बाल्कनीचं पाणी हॉलमध्ये यायचं. तिने मेल केला: "फरशी नीट नाही, कृपया बघा." उत्तर आलं, "नॉर्मल आहे." मग आम्ही दोघांनी एका रविवारी बसून सगळं मोजलं. पुढचा मेल असा गेला: "बाल्कनी, जाळीपासून दारापर्यंत १.४ मीटर. अपेक्षित: उतार जाळीकडे. प्रत्यक्ष: दाराची बाजू जाळीपेक्षा ९ मिमी खाली. एक बादली पाणी ओतल्यावर चार मिनिटांत हॉलमध्ये. व्हिडिओ जोडला आहे." त्या आठवड्यात साइट इंजिनियर घरी आला, आणि महिन्याभरात बाल्कनी पुन्हा झाली. "वाकडी आहे" हे मत असतं, त्यावर समोरचा आपलं मत देतो. ९ मिमीवर त्याला मोजूनच उत्तर द्यावं लागतं. आम्ही ऑफिसमध्ये बग असाच लिहितो: कुठे, काय व्हायला हवं होतं, काय झालं, पुन्हा कसं दिसेल.

कायदा काय म्हणतो? २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार, ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामात, कारागिरीत किंवा दर्जात दोष लक्षात आणून दिला, तर तो बिल्डरने ३० दिवसांत, जादा पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. नाही केला तर तुम्ही भरपाई मागू शकता. महाराष्ट्रात ही तक्रार महारेराच्या वेबसाइटवर ऑनलाइन करता येते.

पण तीन गोष्टी सांभाळा. एक, सगळं लेखी. फोनवरचं "बघतो सर" याला किंमत शून्य. ईमेल करा आणि स्पीड पोस्टनेही पाठवा. दोन, पुरावा गोळा करण्याआधी स्वतः फोडाफोडी करू नका. बऱ्याच करारनाम्यांत लिहिलेलं असतं की मालकाने स्वतः बदल केल्यामुळे झालेल्या दोषाची जबाबदारी बिल्डरची नाही. तीन, इंटिरियरचं काम सुरू होण्याआधी मोजा. एकदा सुताराने वॉर्डरोब ठोकला की कोणामुळे काय झालं याचा वाद सुरू होतो.

आणि गावाकडे स्वतःच्या प्लॉटवर ठेकेदाराकडून घर बांधत असाल तर? तिथे रेरा लागू होत नाही. पण घरबांधणी ही ग्राहक संरक्षण कायद्यातली सेवा आहे, त्यामुळे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. मुदत २ वर्षांची असते. त्याहून सोपं म्हणजे काम देतानाच कागदावर लिहा: "दोन मीटरच्या पट्टीखाली ३ मिमीपेक्षा जास्त फट नको. पाणी ओतून ढाळ दाखवायचा." आणि थोडी रक्कम मोजणी होईपर्यंत हातात ठेवा. चांगल्या गवंड्याला याचा राग येत नाही. उलट, मोजणारा मालक मिळाला की त्याचं चांगलं काम दिसून येतं.

तर मंडळी, चेकलिस्ट छोटी आहे: पट्टी, चार कार्डं, पाण्याची नळी, नाणं, बादली आणि फोन. पझेशनच्या दिवशी सेल्फीआधी एक तास यासाठी काढा. तुमच्या ग्रुपमध्ये ज्यांना यंदा चावी मिळणार आहे त्यांना हा भाग पाठवा, आणि मोजल्यावर किती कार्डं आत गेली ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!